म्युरलच्या आधीचे कागद : सार्जंटचा अपोलो आणि तुझा पर्सियस

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुलाही कळेल. शेवटच्या वर्षाचं म्युरलचं, म्हणजे भित्तिचित्राचं, प्रोजेक्ट आहे, जागा म्हणजे एखाद्या म्युझियमच्या जिन्यावरचा दहा फुटी गोल, विषय ग्रीक पुराणातला वीर पर्सियस आणि त्याने मारलेली, केसांच्या जागी साप असलेली मेडुसा. सरांनी सांगितलंय आधी पाच पेंटेड स्टडीज, म्हणजे तयारीची चित्रं, आण. तू संदर्भ म्हणून बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधली अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटची म्युरल्स आणि त्याच्या स्टडीज बघत बसलीस आणि अडकलीस, कारण कोळशातल्या स्टडीज अगदी श्वास घेतायत असं वाटतं आणि वर डोममधलं चित्र मात्र गार. मग विचारलंस की जे शेवटी गारच होणार त्याच्यासाठी एवढ्या स्टडीज कशाला, आणि करायच्याच तर नेमकं काय करायचं त्यात.

मी चोवीस वर्षं भिंती रंगवतेय, त्यामुळे मला हा प्रश्न फार जवळचा आहे, थोडं लांब लिहिणार आहे, सवडीने वाच.

पहिली गोष्ट, सरांनी पाच म्हटलं म्हणून एकच चित्र पाच रंगांत करून नेऊ नकोस. आपल्याकडे बहुतेक मुलं हेच करतात, एक निळं, एक लाल, एक पिवळं, आणि मग सरांना निवडायला सांगतात. स्टडी म्हणजे मोठ्या चित्राची छोटी कॉपी नाही गं. स्टडी म्हणजे एक प्रश्न. एका कागदावर एकच. हा हात इतका वर गेल्यावर खांद्याचं काय होतं, हा एक कागद. उजेड कुठून येतोय, दुसरा कागद. खालून वीस फुटांवरून हे माणूस वाटतं की गाठोडं, तिसरा. उत्तर मिळालं की कागद संपला, तो सुंदर करत बसायचं नाही. सार्जंटच्या स्टडीज जिवंत वाटतात त्याचं अर्धं कारण हेच आहे, की तो प्रत्येक कागदावर काहीतरी शोधत होता, दाखवत नव्हता.

आता बॉस्टनचं नीट समजून घे, कारण तुझ्या प्रोजेक्टला याच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. १९१६ मध्ये म्युझियमने सार्जंटला रोटंडा, म्हणजे डोमखालचा गोल हॉल, सजवायचं काम दिलं तेव्हा तो साठीला आला होता. पोर्ट्रेट पेंटर म्हणून जगभर नाव झालेलं आणि श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करून कंटाळलेला, बॉस्टनच्याच पब्लिक लायब्ररीतली म्युरल्स तो १८९० पासून करत होता. रोटंडा १९२१ मध्ये उघडला, तो बघून म्युझियमने लगेच पुढचं काम दिलं, मुख्य जिना आणि त्याच्या वरची खांबांची ओळ, ते तो मरेपर्यंत करत होता. एप्रिल १९२५ मध्ये लंडनला झोपेतच गेला, आणि जिन्यावरची चित्रं त्याच वर्षी पण त्याच्या पश्चात खुली झाली. म्हणजे आयुष्यातली शेवटची नऊ वर्षं हा माणूस अपोलो, म्यूझेस, प्रॉमिथियस, अ‍ॅटलस, हर्क्युलिस आणि हायड्रा, ओरेस्टीजच्या मागे लागलेल्या फ्युरीज, कायरॉनकडे शिकणारा अकिलीस यांच्यात राहिला. आणि हो, पर्सियस आणि मेडुसाही आहे त्यात, जिन्यावर. ते चित्र तू बघितलं असशीलच, पण तुझी पोज ठरेपर्यंत ते परत उघडू नकोस.

त्याची कामाची पद्धत बघ. भिंतीवर थेट काहीच रंगवलं नाही त्याने. चित्रं स्टुडिओत कॅनव्हासवर केली आणि तो कॅनव्हास नंतर भिंतीला चिकटवला, याला मारूफ्लाज म्हणतात, जुन्या काळी यासाठी शिशाच्या सफेद्याची पेस्ट वापरायचे. चित्रांच्या मधेमधे प्लास्टरची उठावचित्रं आहेत, तीही त्याचीच. डोमचं लहान मॉडेल करून त्यात तो तुकडे बसवून बघायचा, कुठे चित्र, कुठे उठाव, कुठे मोकळी जागा. आणि या सगळ्याच्या आधी आणि बरोबरीने ढीगभर कोळशाची ड्रॉइंग्ज, साधारण ६३ बाय ४८ सेंटीमीटरच्या कागदांवर, समोर उघडा मॉडेल उभा करून. ऑइलमधली लहान स्केचेसही आहेत, पण ती पूर्ण रचनेची, पुसट, पटकन केलेली, चेहरे नसलेली. म्हणजे शरीर कोळशात, रचना आणि रंग लहान ऑइलमध्ये, जागा मॉडेलमध्ये. तीन वेगळे प्रश्न आणि तीन वेगळी साधनं. तू तिन्ही एकाच अ‍ॅक्रिलिकच्या कागदात कोंबायला बघतेयस म्हणून अडकतेयस.

कोळशाबद्दल एक सांगते. सार्जंट कोळसा उचलायला पावाचा गर वापरायचा. कधी करून बघ, ताज्या पावाचा मऊ भाग चिमटीत घेऊन मळायचा आणि खांद्यावरचा, मांडीवरचा उजेड कोळशातून उचलून घ्यायचा. रबराने कागद खरवडतो, पावाने नाही, शिवाय उजेड असा आतून आल्यासारखा येतो. मी जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये असताना अँटिकच्या वर्गात ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर कास्टसमोर महिनोन्महिने बसलेय, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर माझे किती कागद वाचले असते. त्या कास्टवर बसण्याचा फायदा होतो, नाही असं नाही, पण पुतळा थकत नाही आणि माणूस थकतो, आणि ग्रीक गोष्टींमधली सगळी शरीरं थकलेली, ताणलेली, पळणारी, ओझं उचललेली आहेत. अ‍ॅटलस पुतळ्यावरून काढलास तर तो पोज देऊन उभा राहिलेला दिसेल. खऱ्या माणसाला डोक्यावर भरलेलं पिंप धरायला लाव आणि चौथ्या मिनिटाला काय होतं ते बघ, पोट आत जातं, एक गुडघा लॉक होतो, मान खाली नाही तर पुढे जाते. तोच अ‍ॅटलस.

आता तुझ्या मुख्य दुखण्यावर येते, की स्टडी जिवंत आणि म्युरल गार का.

थोडा भाग भिंतीचा आहे आणि तो सार्जंटचा दोष नाही. इमारतीतलं चित्र भिंतीला भोक पाडून बसलं तर वास्तू मोडते. त्यामुळे रंग सपाट करावे लागतात, सावल्या हलक्या कराव्या लागतात. रोटंडात त्याने सगळीकडे निळी पार्श्वभूमी ठेवली आणि माणसं सोनेरी, गेरूच्या जवळच्या रंगात, म्हणजे लांबून ती उठावचित्रांशी एकजीव होतात. फ्रेंच चित्रकार पुवी द शाव्हानने लिऑनच्या म्युझियमच्या जिन्यावर १८८४ मध्ये म्यूझेसचं पवित्र उपवन लावलं, तेही कॅनव्हासवरचं ऑइलच, पण रंग इतका कोरडा, खडूसारखा, फिका ठेवलाय की फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र, वाटावं. तिथे तो गारपणा मला स्वतःला आवडतो, देवतांना घाम येत नाही ते पटतं. उलटं उदाहरण म्हणजे दुसरा फ्रेंच चित्रकार देलाक्रवा. लूव्हरमध्ये गॅलरी द अपोलोनच्या छताचा मधला भाग राजाचा चित्रकार ल ब्रँने सतराव्या शतकात सोडून दिला होता, तो व्हर्सायच्या कामाला गेला आणि ते तसंच राहिलं, देलाक्रवाने १८५०-५१ मध्ये तिथे पायथॉन सापाला मारणारा अपोलो रंगवला. त्याची एक ऑइल स्टडी ब्रुसेल्सच्या म्युझियममध्ये आहे आणि तिची गंमत अशी की स्टडीतला उकळता रंग छतापर्यंत पोचलाय. का पोचला? कारण त्या स्टडीत त्याने माणसांचा विचारच केला नव्हता, वर पेटलेला पिवळा आणि खाली चिखलाचा अंधार, एवढ्या दोन ढिगांचा विचार होता, आणि ते दोन ढीग कितीही मोठे केले तरी तसेच राहतात. मग खालचा साप नीट दिसो न दिसो. कलर स्टडी अशी हवी. तुझ्या पाचातली एक तरी अशी कर की त्यात पर्सियस ओळखूच येणार नाही पण उजेड आणि अंधार कुठे आहे ते दारातून कळेल.

पण बॉस्टनचा गारपणा सगळा भिंतीमुळे नाही. याच्याबद्दल मला जरा थांबून लिहायचंय.

त्या स्टडीजमधला माणूस कोण आहे माहितीये का? थॉमस मॅककेलर. १८९० चा जन्म, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा, कृष्णवर्णीय. बॉस्टनच्या हॉटेल व्हेंडोममध्ये लिफ्ट चालवायचा. १९१६ मध्ये सार्जंटने त्याला तिथे बघितलं आणि मॉडेल म्हणून बोलावलं, आणि पुढे जवळजवळ सगळ्या कामासाठी तोच उभा राहिला. देव तोच, वीर तोच, कितीतरी देवीसुद्धा त्याच्याच शरीरावरून. अपोलो म्हणून जो दिसतो ते शरीर मॅककेलरचं, आणि वर चेहरा ग्रीक पुतळ्यांच्या वळणाचा, आणि रंग गोरा. म्हणजे स्टडीत आहे तो माणूस, भिंतीवर गेलं ते त्याचं फक्त माप.

सार्जंटने अशी दहा ड्रॉइंग्ज १९२१ मध्ये त्याची मैत्रीण इझाबेला स्टुअर्ट गार्डनरला दिली. तिच्या नावाच्या म्युझियममध्ये ती वर्षानुवर्षं जवळजवळ न दिसता राहिली, २०२० मध्ये तिथे मॅककेलरवर प्रदर्शन झालं तेव्हा कुठे लोकांनी त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. आणि मॅककेलरचं एक ऑइल आहे, सार्जंटने १९१७ ते १९२० च्या दरम्यान केलेलं, पाय दुमडून बसलेला, हात मागे, मान वर टाकलेली. ते कुठल्या भिंतीसाठी गेलं नाही, स्टुडिओतच राहिलं त्याच्या शेवटापर्यंत, म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने ते १९८६ मध्ये घेतलं. मी मुलीकडे गेले होते तेव्हा ही म्युरल्स बघायला दोन दिवस लागोपाठ गेले, रोटंडात मान दुखेस्तोवर वर बघितलं, आणि मनात सारखं एकच येत होतं की हा सगळा डोम एका लिफ्टमनच्या खांद्यांवर उभा आहे आणि खाली उभं राहून ते कुणाला कळणार नाही. खरा अ‍ॅटलस तोच होता म्हण ना.

म्हणून तुला जे जाणवलं ते बरोबर जाणवलं. स्टडीत एक विशिष्ट माणूस आहे, त्याची मान, त्याची हाडं, त्याचा कंटाळासुद्धा. म्युरलमध्ये त्याची कातडी आणि चेहरा काढून घेतला आणि आदर्श ग्रीक तोंड बसवलं, तिथे चित्र गार झालं. सार्जंटच्या काळात बॉस्टनच्या म्युझियममध्ये दुसरं काही चाललं असतं का, कदाचित नसतं, पण तो आजच्या आपल्यासाठी बहाणा नाही. स्टडीतून भिंतीकडे जाताना काहीतरी गळणारच, अर्धं तरी गळतं, फक्त काय गळू द्यायचं ते तू ठरव, आपोआप गळू देऊ नकोस. मी काय करते सांगू, शेवटच्या स्टडीशेजारी पहिली लावते आणि जे हरवलंय ते पेन्सिलने समासात लिहून काढते. सावली हरवली, ठीक. बोटांचा ताण हरवला, ठीक, लांबून दिसणारच नाही. चेहरा हरवला, नाही, हा परत आणायचा.

आता तुझा पर्सियस. आधी गोष्ट नक्की कर. बऱ्याच चित्रांत पर्सियस पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर बसून मेडुसाला मारताना असतो, सार्जंटनेही तसाच घेतलाय, पण जुन्या ग्रीक गोष्टीत पेगॅसस जन्मतोच मुळी मेडुसाचं मुंडकं उडाल्यावर, तिच्या मानेतून, आणि पर्सियसकडे असतात पंखांचे जोडे. ग्रीक भांड्यांवर तो तसाच दिसतो. घोडा ही नंतरची भर आहे, पेगॅससवर खरा स्वार बेलेरोफोन हा दुसराच वीर. दोन्हीपैकी काहीही घे, चालतं, पण घोडा घेतलास तर गोलातली निम्मी जागा घोडा खाणार आणि सगळ्या स्टडीज घोड्याच्या होणार हे लक्षात ठेव. मी तुझ्या जागी असते तर जोडे घेतले असते.

आणि या गोष्टीतली सगळ्यात मोलाची गोष्ट शरीरात आहे. पर्सियस मेडुसाकडे बघू शकत नाही, बघितलं तर दगड होईल, म्हणून तो तोंड फिरवतो किंवा ढालीत बघतो. म्हणजे हात एका दिशेला पूर्ण जोर लावतोय आणि मान बरोबर उलटीकडे. असा पिळवटलेला माणूस मनाने काढता येत नाही. मित्राला उभा कर, हातात लाटणं दे, डावीकडे बघायला सांग आणि उजवीकडे मारायला सांग. वीस-वीस मिनिटांचे चार कागद, चारही बाजूंनी. यात तुला कळेल की उलट बघत मारणारा माणूस पाय जास्त फाकवतो कारण तोल जातो. हे पाय म्हणजे तुझं म्युरल आहे. पाय मिळाले की पुढचं सोपं.

मग लहान रचना कर, तळहाताएवढे गोल, वीस-पंचवीस, नुसत्या काळ्या-पांढऱ्या-करड्या तीन टोनमध्ये. इथे वेळ घालवू नकोस, एका संध्याकाळचं काम आहे.

नंतर रंग, आणि इथे माझी एक सवय सांगते जी कुठल्या वर्गात शिकवली नाही. ज्या भिंतीवर चित्र जाणार तिच्या दगडाचा किंवा रंगाचा नमुना स्टडीच्या कडेला चारी बाजूंनी चिकटव, म्हणजे त्या रंगाची दोन इंची पट्टी. पांढऱ्या कागदावर केलेला निळा पांढऱ्यावर छान दिसतो, पिवळट दगडाशेजारी तोच निळा जांभळा मारतो. आणि उजेड हॉलचाच घे. म्युझियमला वरून काचेचं छत असेल तर तुझ्या चित्रातला सूर्य खालून येऊन चालणार नाही, बघणाऱ्याला कारण कळत नाही पण चित्र खोटं वाटतं. माध्यम सरांना विचारून ऑइल किंवा अ‍ॅक्रिलिक, पण मोठ्या चित्राला जे वापरणार तेच कलर स्टडीला वापर. अ‍ॅक्रिलिक वाळलं की गडद होतं, त्याचा हिशोब हाताला आधीच बसायला हवा.

उंचीचं मात्र गांभीर्याने घे. माझ्या सुरुवातीच्या एका कामात चौदा फुटांवर एक उभी फिगर होती, स्टडी टेबलावर केली, टेबलावरच पास झाली, ग्रिड टाकून मोठी केली. परांची उतरवल्यावर खालून बघितलं तर गुडघे भोपळ्याएवढे आणि डोकं सुपारीएवढं. वरचं शरीर लांबवून घ्यायला हवं होतं, ते स्टडीतच कळलं असतं मी ती फक्त जिन्याच्या कठड्याला बांधून खालून बघितली असती तर. त्या फिगरचं कमरेपासून वरचं सगळं परत रंगवावं लागलं, अकरा दिवस गेले. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या जिन्यावर ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने १८९०-९१ मध्ये खांबांच्या आणि कमानींच्या मधल्या जागा रंगवल्या, अथेना आहे त्यात. ती चित्रं जवळपास १२ मीटर उंचावर आहेत. २०१२ मध्ये म्युझियमने लोकांना जवळून बघता यावीत म्हणून तात्पुरता पूलच बांधला होता. म्हणजे शंभरावर वर्षं लोक ते खालूनच बघत होते, आणि तरी अथेना अथेना वाटते, कारण बाह्यरेषा इतकी घट्ट आहे. तू फोनमध्ये फोटो काढून अंगठ्याच्या नखाएवढा करून बघ, त्यात पर्सियसची बाह्यरेषा वाचता आली पाहिजे. नाही आली तर रंग बदलून काही होणार नाही, पोजकडे परत जा.

एक तुकडा खऱ्या मापात कर, वन इज टू वन. मेडुसाचं डोकं आणि ते धरणारा हात, एवढंच. दहा फुटी गोलात हे डोकं दीड फुटाच्या आसपास येईल आणि तेव्हा कळेल की तुझा नेहमीचा ब्रश खेळण्यातला आहे. साप मोजत बसू नकोस, सापांचा एकच ढीग कर आणि कडेला तीन-चार सुटे दाखव. आणि मेडुसाचाही चेहरा कुणाचा तरी असू दे. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या गोष्टीत ती राक्षसीण म्हणून जन्मलेली नव्हती, आधी सुंदर मुलगी होती, तिच्यावर अन्याय झाला आणि शिक्षाही तिलाच झाली. हे माहीत असलेल्या हाताने काढलेलं डोकं वेगळं येतं, मी बघितलंय.

सार्जंट गेल्यावर त्याच्या बहिणींनी, एमिली आणि व्हायोलेटने, स्टुडिओतले हे कागद म्युझियम्सना देऊन टाकले, म्हणून आज तू ते बघू शकतेस. आपल्याकडे काम संपलं की स्टडीज रद्दीत जातात, माझ्याही पहिल्या सहा-सात वर्षांच्या गेल्या, आता त्यांची फार आठवण येते. तू तुझ्या सपाट ठेव, गुंडाळून नको, कोळसा पुसला जाऊ नये म्हणून त्यावर फिक्सेटिव्ह मार आणि मधे बटर पेपर घाल.

आणि जो मित्र लाटणं घेऊन तुझ्यासाठी दोन दुपारी उलटा पिळवटून उभा राहणार आहे त्याला उभं राहण्याचे पैसे दे, जेवायला घाल, आणि प्रत्येक कागदाच्या मागे तारीख आणि त्याचं पूर्ण नाव लिही.